गारोचा, मिन्यो की सारिया: उत्तर इबेरियात सोपं चालायचं तर कुठे?

उत्तर स्पेन आणि उत्तर पोर्तुगालमध्ये चालायला जायचं म्हटलं की पर्याय ढीगभर, आणि निम्मी अडचण तिथेच आहे. एखादी वाट सपाट म्हणून सोपी असते, एखादी छोटी म्हणून, तर एखादी दर तासाला कॉफी मिळते म्हणून. माहितीपत्रकात मात्र तिन्हींवर एकच शिक्का मारलेला. पिकोस दे एउरोपा डोंगरांतली कारेसची घळ अशीच ‘सोपी’ म्हणवली जाते. पोन्सेबोस ते काईन हे 12 किलोमीटर बरेचसे सपाट आहेत हे खरं, पण एका बाजूला खोल दरी, तिला कठडा नाही आणि परत त्याच वाटेनं यायचं. पोर्तुगालमधल्या पाइवा नदीकाठच्या लाकडी वाटेचे फोटो सुरेख येतात. फोटोत न येणारे जिने गुडघ्यांना कळतात. ही दोन नावं यादीतून आधीच काढून टाका.

मी इथे डोळ्यांसमोर ठेवलंय ते असं कुटुंब: आईवडील साठीच्या पुढचे, हाताशी आठवडाभर, रोज तीन-चार तास चालण्याची तयारी, आणि उरलेल्या वेळात एखाद्या जुन्या गावात रमतगमत हिंडण्याची हौस. त्यांच्यासाठी तीन ठिकाणं उरतात: ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियातला गारोचा, पोर्तुगालचा मिन्यो आणि वायव्य स्पेनमधल्या गालिसियातला सारिया ते सांतियागो हा यात्रामार्ग. माझा कल गारोचाकडे आहे, हे आधीच सांगून टाकते.

गारोचा

बार्सेलोनाहून वेगवान गाडीनं जिरोना 40 मिनिटांच्या आत येतं, तिथून ओलोतला बस. ओलोत हे मुक्कामाचं गाव. त्याच्या आसपास विझलेल्या ज्वालामुखींचं संरक्षित उद्यान आहे. साधारण 40 ज्वालामुखी, त्यातले चार तर गावाच्याच हद्दीत. त्यातल्या मोन्साकोपाच्या माथ्यावर संध्याकाळी स्थानिक लोक कुत्री फिरवायला येतात, चढ छोटासाच. ओलोतकडून मध्ययुगीन गल्ल्यांची अपेक्षा मात्र करू नका. 1427-28 च्या भूकंपांनी जुनं गाव जमीनदोस्त केलं. आज दिसतं ते त्यानंतरचं. जुनेपणाची हौस भागवायला सांता पाऊ आणि बेसालू जवळच आहेत.

इथली मुख्य फेरी उद्यानातली पहिल्या क्रमांकाची वाट. कान सेराच्या वाहनतळापासून सुरू होऊन तिथेच संपते, 10 ते 12 किलोमीटर, थांबत थांबत चार-साडेचार तास. सुरुवात फाजेदा दन जोर्दा या बीच वृक्षांच्या जंगलातून होते. बीच हे खरं तर थंड डोंगरउतारावरचं झाड. इथे ते जेमतेम सहाशे मीटर उंचीवर, थिजलेल्या लाव्ह्यावर वाढलंय. जमीन सपाट नाही, लाव्ह्याचे टेंगळासारखे उंचवटे मध्येच वर येतात, काही 20 मीटरपर्यंत. वाट त्यांना वळसा घालून जाते. पायाखाली मुळं आणि दगड असतात, म्हणून पाऊस पडून गेला असेल तर काठी हवीच. बूट घोट्यापर्यंतचे नसले तरी चालतील, तळवे मात्र पकड घेणारे हवेत.

पुढे सांता मार्गारिदा हा ज्वालामुखी. रस्त्यापासून कडेपर्यंत अर्ध्या तासाचा चढ, आणि कडेवर आलं की खाली गोल हिरवं कुरण, त्याच्या बरोबर मधोमध एक छोटं चॅपेल. मूळचं त्याच भूकंपात पडलं होतं. खड्ड्याची जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे आत उतरायची मुभा आहे का, हे ओलोतच्या माहिती केंद्रात विचारूनच निघा. त्यानंतरचा क्रोस्कात ज्वालामुखी मला सगळ्यात जास्त आवडतो. बांधकामासाठी याची राख-खडी वर्षानुवर्षं खणून नेली, लोकांनी विरोध केला, 1982 साली हा भाग कायद्यानं संरक्षित झाला आणि पुढे खाण बंद पडली. पण डोंगराला पडलेली चीर तशीच ठेवली. आज त्या चिरेत उभं राहिलं की पूर्ण ज्वालामुखी आतून दिसतो: खाली काळे थर, मध्ये विटकरी, कडेला पिवळट. हाताला लागते ती खडी इतकी हलकी की मूठभर उचलली तरी वजन जाणवत नाही (खिशात घालू नका, मनाई आहे). ज्यांना पूर्ण फेरी झेपणार नाही त्यांनी सांता मार्गारिदाच्या वाहनतळापासून फक्त क्रोस्कातपर्यंत जाऊन यावं. तासाभराचं काम, तेही जवळजवळ सपाट.

हीच या भागाची खरी सोय आहे. घरातल्या चौघांची ताकद चार प्रकारची असली तरी रात्री सगळे एकाच टेबलावर. कोणाचा पाय दुखला तर तो त्या दिवशी बेसालूला जाऊ शकतो: फ्लुव्हिया नदीवरचा बाराव्या शतकातला वाकडा पूल, मध्ये बुरूज, आणि 1964 मध्ये सापडलेलं ज्यूंचं स्नानकुंड. कास्तेलफोयीत हे गाव बेसाल्टच्या कड्यावर ओळीनं बसलंय. ते खालून नदीकाठून पाहावं, वरून काही कळत नाही. ओलोत-जिरोना ही छोटी रेल्वे 1969 मध्ये बंद झाली, तिच्या जागी आता 54 किलोमीटरची पायवाट-सायकलवाट आहे. पूर्ण चालायचा हट्ट नको. ओलोतहून लेस प्रेसेसपर्यंत जावं, तिथलं पेद्रा तोस्का उद्यान पाहावं. लाव्ह्याच्या दगडांच्या बांधांमधून जाणारी गंजक्या पोलादाची वाट ओलोतच्याच आरसीआर या वास्तुरचनाकारांनी आखली आहे. वास्तुकलेचं 2017 चं प्रित्झकर पारितोषिक यांनाच मिळालं.

उणं काय? वाटांच्या तोंडाशी जाणाऱ्या बस मोजक्या आहेत. गाडी नसेल तर टॅक्सी धरावी लागते, अंतर थोडं असल्यानं ती परवडते. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बीचचा रंग पाहायला अख्खं बार्सेलोना लोटतं. त्या काळात शनिवार-रविवार टाळा.

मिन्यो

पोर्तुगालचा हा वायव्य कोपरा तिघांमध्ये सगळ्यात हिरवा आणि पायाला सगळ्यात मऊ. पोंते दे लिमा हे मुक्कामाचं गाव घ्यावं. 1125 साली त्याला राणी तेरेझानं सनद दिली. नदीवर लांबलचक जुना पूल, त्याच्या एका टोकाच्या कमानी रोमन काळातल्या. काठावर चिनारासारख्या प्लेन वृक्षांची दाट रांग, आणि एक आड एक सोमवारी वाळवंटात भरणारा मोठा बाजार. नदीच्या दोन्ही काठांनी ‘एकोव्हिया’ जाते, म्हणजे चालण्या-सायकलीसाठी राखलेली वाट. चढ नाहीच म्हणा. जवळच बेर्तियांदोसची पाणथळ जागा आहे, तिथे लाकडी फळ्यांवरून पक्षी बघत दोन-तीन तास सहज जातात. ज्यांना चढाची भीती आहे त्यांना याहून चांगलं काही सुचवता येणार नाही.

घोडं अडतं ते पुढे. 1971 साली स्थापन झालेलं पेनेदा-जेरेश हे पोर्तुगालचं एकमेव राष्ट्रीय उद्यान याच भागात आहे, पण तिथे जायला स्वतःची गाडी हवी आणि ती वळणावळणाच्या घाटात उजव्या बाजूनं चालवायची तयारी हवी. तयारी असेल तर आल्बेर्गारियाच्या ओकवनात जाच. ब्रागाहून आस्तोर्गाला जाणारा रोमन रस्ता तिथून जातो आणि माणसाच्या उंचीचे कोरीव मैलाचे दगड झाडीत घोळक्यानं उभे आहेत. रस्ता रुंद, चढ मंद. सोआजो गावात एका उघड्या खडकावर ग्रॅनाइटची 24 धान्य-कोठारं खांबांवर उभी आहेत. उंदरांनी चढू नये म्हणून खांबांवर सपाट दगड बसवलेले.

गाडी नको असेल तर मुक्काम बदला. पोर्तोहून ब्रागा आणि गिमाराइश दोन्हीकडे लोकल गाड्या जातात, तासा-सव्वातासात. गिमाराइशचा जुना भाग 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि आरामात अर्ध्या दिवसात पायी होतो. ब्रागाबाहेरचं बॉम जेझुश गोव्याच्या वाचकांना नावानं ओळखीचं वाटेल, पण जुन्या गोव्यातलं सपाटीवर आहे, हे डोंगरावर. पाचशेहून अधिक पायऱ्यांचा नागमोडी जिना, शेजारी 1882 पासून पाण्याच्या वजनावर चालणारी रेल्वे. बहुतेक मार्गदर्शक ‘रेल्वेनं वर जा, जिन्यानं उतरा’ असं सांगतात. गुडघे कुरकुरत असतील तर नेमकं उलटं करा: दमानं, थांबत चढा, कारंजी बघा आणि उतरताना रेल्वे पकडा. उतारानेच गुडघे जास्त सुजतात.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे ऊन तापतं आणि वणव्यांमुळे उद्यानातल्या वाटा बंदही होतात. मे, जून किंवा सप्टेंबरचा शेवट बरा.

सारिया ते सांतियागो

सगळ्यात प्रसिद्ध, आणि माझ्या मते ‘सोपं’ म्हणून सगळ्यात जास्त चुकीच्या माणसांच्या गळ्यात मारलं जाणारं. पायी किमान 100 किलोमीटर चाललं की सांतियागोला ‘कोंपोस्तेला’ हे प्रमाणपत्र मिळतं. सारियाहून अंतर 115 च्या आसपास, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. 2024 मध्ये जवळपास 5 लाख लोकांनी हे प्रमाणपत्र घेतलं. वाट चुकणं अशक्य: पिवळे बाण, शिंपल्याची खूण, आणि उरलेलं अंतर तीन दशांश स्थळांपर्यंत सांगणारे दगड. जुन्या ओक-चेस्टनटच्या सावलीतल्या, दोन्ही बाजूंनी दगडी बांध असलेल्या गाडीवाटा अप्रतिम आहेत. शेवटी शेवटी मात्र निलगिरीची लागवड आणि विमानतळाच्या कुंपणाकडेची वाट.

अडचण अंतराची नाही, सलग अंतराची आहे. नेहमीचे पाच टप्पे 19 ते 29 किलोमीटरचे. दुसऱ्या दिवशी टाच फोडाने भरली तरी तिसऱ्या दिवशीची खोली पुढच्या गावात आरक्षित असते. पहिल्याच दिवशी 22 किलोमीटर चालून मिन्यो नदीचा लांब पूल ओलांडला की पोर्तोमारीनच्या वेशीवर समोर उभा जिना येतो. जुनं गाव 1960 च्या दशकात धरणाखाली गेलं, चर्च दगड दगड सुटा करून वर नेऊन बांधलं. गाव वर गेलं म्हणून तुम्हालाही वर जावं लागतं. आईवडिलांसोबत असाल तर पाच टप्प्यांचे आठ करा आणि पाठीवरचं ओझं पुढच्या मुक्कामाला पोचवणारी सेवा घ्या. ती स्वस्त आणि भरवशाची आहे.

वारीची आठवण येतेच, पण त्या अपेक्षेनं गेलात तर हिरमोड होईल. इथे दिंडी नाही, ठरलेली तिथी नाही, कोणी कोणासाठी थांबत नाही. ज्यांना एकट्यानं, आपल्या चालीनं, तरी माणसांच्या आसपास चालायचंय त्यांना मात्र ही वाट लळा लावते. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला मी तिन्हींमधून हीच सुचवेन.

तारखा ठरवताना एवढं बघा: 25 जुलै हा संत सांतियागोचा (जेम्सचा) सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात, आणि पुढचं 2027 आहे. तेव्हा खोल्या फार आधी धराव्या लागतील. पूर्ण मार्ग नको असेल तर लुगोला मुक्काम करा. गावाभोवतीचा रोमन तट अखंड आहे, परीघ दोन किलोमीटरहून थोडा जास्त, वरून रुंद सपाट रस्त्यासारखा, चालायला पैसे नाहीत.

पोटापाण्याचं

शाकाहारींची परीक्षा गालिसियात. तिथल्या ‘काल्दो’ सुपात पालेभाजी दिसते, पण चव डुकराच्या चरबीची. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट सगळीकडे मिळतं, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्याही. मिन्योतल्या ‘काल्दु व्हेर्द’मध्ये सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून सांगावं, सोबत मक्याचा पाव आणि घेवड्याचा भात. गारोचात सांता पाऊचे बारीक पांढरे घेवडे, भाजलेली वांगी-मिरची, टोमॅटो चोळलेला पाव, मधासोबत ताजं चीज. सलग आठवडा निघतो.

जेवणाच्या वेळा सांभाळा. स्पेनमध्ये रात्री साडेआठच्या आत स्वयंपाकघर उघडेलच असं नाही, यात्रामार्गावरच्या खाणावळी तेवढ्या अपवाद. वडिलांना साडेसातला गोळी घेऊन जेवायचं असेल तर पोर्तुगाल सोयीचं, किंवा मग गारोचात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्या आणि कुकरची शिट्टी वाजवा.

दहा-बारा दिवस असतील तर मिन्यो आणि गालिसिया जोडता येतात: पोर्तो ते व्हिगो थेट रेल्वे आहे, पुढे सांतियागोही रेल्वेनंच. दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, पण अर्ज ज्या देशात रात्री जास्त त्याच्याकडेच करायचा. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं, तेव्हा सीमेपलीकडच्या गाडीची वेळ तिकिटावर कोणत्या देशाची लिहिली आहे ते पाहून घ्या.