गॉब्लिन आता ह्युमनॉइड नाही: डी अँड डीच्या नव्या नियमांतल्या स्पीशीज आणि मॉन्स्टर्स

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलवर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे सुधारित नियम तीन पुस्तकांत आले. प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये, डन्जन मास्टर्स गाइड नोव्हेंबरात आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये. हे परीक्षण दोनच गोष्टींचं आहे: खेळाडू ज्यातून कॅरेक्टर उभं करतो त्या स्पीशीज, आणि डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ज्यांना टेबलवर उतरवतो ते मॉन्स्टर्स. दोन्हींचं काम चांगलं झालंय. पण जुनी मोहीम अर्ध्यावर असताना नवी पुस्तकं उघडलीत, तर कुठे ठेच लागते ते आधी माहीत असलेलं बरं.

‘रेस’ हा शब्द गेला आणि ‘स्पीशीज’ आला, याची चर्चा बरीच झाली. खेळताना फरक पडतो तो त्याच्यासोबत जे हललं त्याने. २०१४च्या पुस्तकात ड्वॉर्फ निवडला की कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) वाढायची, एल्फ निवडला की डेक्स्टेरिटी (चपळाई). २०२०च्या एका पूरक पुस्तकाने हे आकडे हवे तिथे हलवायची मुभा दिली होती. आता स्पीशीजमधून ते पूर्णपणे काढून बॅकग्राउंडमध्ये (कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यात) टाकलेत. प्रत्येक बॅकग्राउंड अशा तीन ॲबिलिटी (मूळ क्षमता) देतं. त्यांतल्या एकीला +२ आणि दुसरीला +१ द्या, नाहीतर तिन्हींना +१. सोबत एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारं खास कौशल्य), दोन स्किल्स आणि एक टूल.

इथेच घोडं पेंड खातं. पूर्वी ‘विझर्ड करायचाय तर नोम घे’ असं सांगितलं जायचं, आता ‘विझर्ड करायचाय तर सेज बॅकग्राउंड घे’ असं सांगितलं जातं. सोल्जर बॅकग्राउंड स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन देतं, म्हणजे सैन्यातून आलेल्या विझर्डला इंटेलिजन्समध्ये काहीच मिळत नाही. बंधन सुटलं नाही, जागा बदलून बसलं. त्यावरचा उतारा डीएमच्या पुस्तकात आहे: तीन ॲबिलिटी, एक ओरिजिन फीट, दोन स्किल्स, एक टूल आणि ५० सोन्याच्या नाण्यांचं सामान निवडून नवं बॅकग्राउंड बनवता येतं. हा अर्ध्या पानाचा मजकूर खेळाडूच्या पुस्तकात हवा होता. तो तिथे नसल्यामुळे नवा खेळाडू सोळा बॅकग्राउंडांतच अडकून राहतो. डीएमने पहिल्याच बैठकीत ही सोय सांगून टाकावी.

स्पीशीज दहा आहेत: आसिमार, ड्रॅगनबॉर्न, ड्वॉर्फ, एल्फ, नोम, गोलायथ, हाफलिंग, ह्युमन, ऑर्क आणि टीफलिंग. हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क नाहीत. ज्यांचं कॅरेक्टर हाफ-एल्फ आहे त्यांनी जुना मजकूर तसाच वापरावा, फक्त त्यातली ॲबिलिटीची वाढ सोडून द्यावी आणि ती बॅकग्राउंडमधून घ्यावी. पुस्तकातच तशी सूचना आहे. ती नजरेतून सुटली की दोन्हीकडून वाढ घेतली जाते आणि पहिल्या लेव्हललाच करिस्मा १९ दिसू लागतो. मिश्र टेबलवर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

ड्रॅगनबॉर्नला या आवृत्तीत खरा न्याय मिळाला. जुन्या नियमांत आग ओकायला पूर्ण ॲक्शन जायची, २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) डॅमेज व्हायचं आणि शॉर्ट किंवा लाँग रेस्ट (छोटी किंवा मोठी विश्रांती) होईपर्यंत पुन्हा काही नाही. पाचव्या लेव्हलच्या फायटरने दोन वार सोडून एवढ्यासाठी आपली पाळी का घालवावी? आता अटॅक ॲक्शनमधल्या एका वाराच्या जागी फुंकर मारता येते. पाचव्या लेव्हलला ती २डी१० आहे, दुसरा वार तलवारीचा, आणि प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (लेव्हलनुसार वाढणाऱ्या आकड्याइतक्या) वेळा म्हणजे तीनदा एका लाँग रेस्टमध्ये. १५ फुटांचा कोन की ३० फुटांची रेष, हे दर वेळी ठरवता येतं. पूर्वी ते ड्रॅगनच्या रंगाला बांधलेलं होतं. शिवाय ६० फुटांची डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) आणि पाचव्या लेव्हलपासून दिवसातून एकदा दहा मिनिटांचे पंख. दहा वर्षं जी निवड फक्त दिसण्यासाठी केली जायची, ती आता ताकदीसाठीही करता येते.

ड्वॉर्फचा वेग २५ फुटांवरून ३० झाला, डार्कव्हिजन १२० फूट झाली, आणि स्टोनकनिंग हे दगडी बांधकामाच्या इतिहासापुरतं उरलेलं वैशिष्ट्य आता खऱ्या उपयोगाचं झालं: दगडाला पाय टेकलेले असताना बोनस ॲक्शनने दहा मिनिटं ६० फुटांपर्यंतची हालचाल जाणवते. दाराआड दबा धरून बसलेला शत्रू सापडतो. चिवटपणाचा हिशेब करून बघा. फार्मर बॅकग्राउंडचा ड्वॉर्फ फायटर, कॉन्स्टिट्यूशन १६. पहिल्या लेव्हलला १० अधिक ३, ड्वॉर्फचा १ आणि टफ फीटचे २, असे १६ हिट पॉइंट्स (किती डॅमेज सोसता येईल तो आकडा). पुढे प्रत्येक लेव्हलला सरासरी १२. पाचव्या लेव्हलला ६४. तेवढ्याच कॉन्स्टिट्यूशनचा पण या दोन गोष्टी नसलेला फायटर ४९ वर असतो. हा पंधराचा फरक डीएमने आधीच धरून ठेवावा.

गोलायथ मुख्य पुस्तकात आला. त्याच्या सहा राक्षसवंशांपैकी ढगांचा वंश सर्वांत उपयोगी, कारण बोनस ॲक्शनने ३० फूट टेलिपोर्ट मिळतो. ह्युमनला आणखी एक ओरिजिन फीट आणि प्रत्येक लाँग रेस्टला हिरोइक इन्स्पिरेशन (फासा पुन्हा टाकायची संधी) मिळते, त्यामुळे तो दोन फीट घेऊनच खेळात उतरतो. ड्राऊ या एल्फांच्या भूगर्भातल्या वंशाची उन्हातली अडचण काढून टाकलीय. खेळाडूच्या दृष्टीने हे सोयीचं आहे, पण अंधारात वाढलेल्या माणसाला दिवसाढवळ्या चालताना जी किंमत मोजावी लागायची तीच गेली, आणि ड्राऊ खेळण्यातली चव थोडी कमी झाली असं ठामपणे म्हणावं लागतं. हाफलिंग आणि नोम यांचाही वेग ३० झाला, बाकी ते जवळजवळ तसेच आहेत.

आता मॉन्स्टर मॅन्युअल. पाचशेहून जास्त मॉन्स्टर्स, आणि मांडणी जुन्यापेक्षा कितीतरी सरळ. स्टॅट ब्लॉकच्या (मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीच्या) वरच्या भागात इनिशिएटिव्ह (लढाईत पाळी कधी येते ते ठरवणारा आकडा) लिहिलेला असतो, जसं गॉब्लिन वॉरियरला +२ आणि त्यापुढे १२. फासा टाकायचा नसेल तर सरळ १२ धरा. सहाही सेव्ह (वाईट परिणाम टाळायला टाकायच्या फाशाचे आकडे) ॲबिलिटीच्या शेजारीच छापलेत, त्यामुळे ऐन लढाईत बेरीज करत बसावं लागत नाही. ‘गिअर’ या ओळीत मेलेल्या शत्रूकडून काय काढून घेता येईल ते स्पष्ट दिलंय.

टेबलवर सगळ्यात मोठा परिणाम करणारा बदल मात्र नावाखालच्या बारीक अक्षरांत आहे: मॉन्स्टरचा टाइप. गॉब्लिन, हॉबगॉब्लिन आणि बगबेअर आता फे (परीलोकातले) आहेत. नोल फीन्ड (सैतानी) आहे, कोबोल्ड ड्रॅगन आहे, लिझर्डफोक एलिमेंटल आहे. पूर्वी हे सगळे ह्युमनॉइड (माणसासारखे) होते. चार्म पर्सन आणि होल्ड पर्सन हे स्पेल फक्त ह्युमनॉइडवर चालतात. म्हणजे ज्या विझर्डने गॉब्लिनच्या सरदाराला जागच्या जागी थिजवायचा बेत केलाय, त्याचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) फुकट जातो. उलट बाजूने, प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड आता गॉब्लिनपासूनही वाचवतो, आणि पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) डिव्हाइन स्माइटला नोलवर एक डी८ जास्त मिळतो, कारण तो फीन्ड आणि अनडेड यांच्यासाठीच राखलेला आहे. नोलच्या टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत पॅलाडिन एकदम चमकतो. खेळाडूंना हे लढाई सुरू व्हायच्या आत सांगा. स्पेल वाया गेल्यावर सांगितलेला नियम कोणालाच पटत नाही.

आता गॉब्लिनकडेच जवळून बघू. जुन्याचे हिट पॉइंट्स ७ होते, नव्या गॉब्लिन वॉरियरचे १०. आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ तसाच. पण हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) असेल तर १डी४ जास्त डॅमेज, आणि निंबल एस्केपमुळे तो बोनस ॲक्शनने लपू शकतो. झुडपात लपून बाण सोडला तर सरासरी ५ ऐवजी ७. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट्स ८ असतात. एक बाण लागला तर तो कसाबसा उभा राहतो, दुसऱ्याला खाली पडतो.

आणि नेमक्या याच वेळी डीएमच्या पुस्तकात लढाई ठरवण्याचा हिशेब बदललाय. जुन्या पद्धतीत मॉन्स्टर्सच्या संख्येनुसार एक्सपीला (मॉन्स्टर हरवल्यावर मिळणाऱ्या अनुभव-गुणांना) गुणायचं होतं, तीन ते सहा असतील तर दोनने. पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर सहा गॉब्लिन म्हणजे ३०० गुणिले २, म्हणजे ६००, आणि ‘डेडली’ची सीमा ४००. नव्या पद्धतीत गुणाकारच नाही. माणशी लो ५०, मॉडरेट ७५, हाय १००. चौघांसाठी मॉडरेट ३००, म्हणजे तेच सहा गॉब्लिन आता ‘मध्यम’ ठरतात, आणि तेही जास्त दणकट गॉब्लिन. नव्या खेळाडूंना हे जड जातं. तिघे वॉरियर आणि तीन गॉब्लिन मिनियन घ्या: मिनियनचे २५ एक्सपी, हिट पॉइंट्स ७. एकूण २२५, लो आणि मॉडरेटच्या दरम्यान, आणि पहिल्या लढाईला एवढंच पुरतं. मोठ्या लेव्हलला मात्र नवा हिशेब जुन्यापेक्षा खरा उतरतो. तिथे जुने आकडे खेळाडूंच्या ताकदीपुढे फारच नरम पडायचे.

लांडगा आणखी एक चांगलं उदाहरण. पूर्वी चावा २डी४ अधिक २ आणि स्ट्रेंग्थचा सेव्ह डीसी ११ (गाठायचा किमान आकडा) चुकला तरच माणूस आडवा. आता चावा १डी६ अधिक २, पण लागला की मीडियम किंवा लहान आकाराचं कॅरेक्टर सेव्ह न टाकताच आडवं. डॅमेज कमी झालं, धोका वाढला, कारण आडव्या माणसावर जवळच्या प्रत्येकाला ॲडव्हान्टेज. पुस्तकभर हीच दिशा दिसते: वार लागला की परिणाम झालाच. खेळ वेगाने पुढे सरकतो, फासे कमी टाकावे लागतात. पण भरपूर स्ट्रेंग्थ असलेल्या बार्बेरियनला लांडगा तितक्याच सहज पाडतो जितका विझर्डला, आणि हे खटकतं. सेव्ह चांगला असण्याचं मोल त्या जागी उरत नाही.

साध्या शस्त्रांच्या डॅमेजला असलेला प्रतिकारही गेला. वेअरवुल्फवर पूर्वी चांदीचं किंवा जादूचं शस्त्र नसेल तर तलवार चालायचीच नाही. आता चालते, त्याबदल्यात त्याचे हिट पॉइंट्स ५८ वरून ७१ झाले. ज्यांच्याकडे अजून जादूचं शस्त्र नाही त्या फायटरसाठी हे छान. पण गावच्या लोहाराकडे जाऊन चांदीचा मुलामा चढवून आणण्याची धडपड हा वेअरवुल्फच्या गोष्टीचा जीव होता. ती ठेवायची असेल तर एक साधा घरगुती नियम पुरे: चांदीशिवाय इतर शस्त्रांचं डॅमेज अर्धं.

बड्या मॉन्स्टर्सना जीव आलाय. लिच या अनडेड जादूगाराचे हिट पॉइंट्स १३५ होते. २१ चॅलेंज रेटिंगच्या (मॉन्स्टर किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याच्या) शत्रूला ते शोभत नव्हते आणि तो दोन फेऱ्यांत संपायचा. आता ३१५ आहेत. ड्रॅगनचे चावा आणि पंजे एकत्र करून ‘रेंड’ हा एकच वार केलाय. तो तीनदा मारायचा आणि मोठे ड्रॅगन त्यातल्या एकाच्या जागी स्पेलही टाकू शकतात. इनिशिएटिव्ह २० वर येणाऱ्या लेअर ॲक्शन्स (मॉन्स्टरच्या गुहेतले खास परिणाम) गेल्या. त्याऐवजी ॲडल्ट रेड ड्रॅगनला त्याच्या गुहेत तीनऐवजी चार लेजेंडरी ॲक्शन्स (इतरांच्या पाळीनंतरच्या जादा कृती) आणि एक जादा लेजेंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह यशस्वी धरायची सोय) मिळतो. डीएमच्या डोक्यावरचं एक ओझं कमी झालं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे या पुस्तकात ऑर्कचा स्वतंत्र स्टॅट ब्लॉक नाही, ड्राऊचाही नाही. ऑर्क आता खेळाडूंची स्पीशीज, म्हणून शत्रू म्हणून त्याने बँडिट, टफ, बर्सर्कर असे सर्वसाधारण ब्लॉक वापरावेत, असा विचार आहे. विचार योग्य आहे, पण काम डीएमवर ढकललंय. शेवटच्या परिशिष्टात जुन्या नावासमोर कोणता ब्लॉक वापरायचा याचा तक्ता आहे, पण तेवढ्याने ऑर्क ऑर्कसारखा लढत नाही. टफ घ्या, हिट पॉइंट्स ३२. त्याला १२० फुटांची डार्कव्हिजन द्या. ॲड्रिनलिन रश द्या, म्हणजे बोनस ॲक्शनने डॅश आणि २ तात्पुरते हिट पॉइंट्स. शून्यावर आला की एकदा १ वर उभा राहील असं लिहून ठेवा. मुद्गल काढून हातात मोठी कुऱ्हाड द्या. जुन्या ऑर्कचे हिट पॉइंट्स १५ होते, त्यामुळे जुन्या छापील साहसात सहा ऑर्क असतील तिथे तीन-चारच ठेवा.

सुरुवात करणाऱ्यांनी पुस्तकं घेण्याआधी एसआरडी ५.२ (मूळ नियमांचा संक्षिप्त दस्तऐवज) वाचावं. ते २०२५च्या एप्रिलपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतं. त्यात आसिमार सोडून बाकी नऊ स्पीशीज आहेत, पण बॅकग्राउंड चारच: ॲकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर. मॉन्स्टर्स भरपूर आहेत, फक्त बिहोल्डर आणि माइंड फ्लेअरसारखी मंडळी नाहीत. पहिल्या चार-पाच बैठकींना एवढं पुरतं. त्यानंतर एकच पुस्तक घ्यायचं असेल तर डीएमने मॉन्स्टर मॅन्युअल घ्यावं, आणि मोहीम अर्ध्यावर असेल तर टाइप बदललेल्या मॉन्स्टर्सची यादी करून ती खेळाडूंच्या हातात आधी द्यावी.