पुरस्कार सोहळा की सहाय्य निधी? कॉलेजच्या स्टाफसाठी काय बरं

स्टाफसाठी थोडेफार पैसे बाजूला निघाले आहेत आणि आता 5 सप्टेंबरला उत्कृष्ट शिक्षक-कर्मचारी पुरस्कार सुरू करायचा की सहाय्य निधी काढायचा यावर ज्यांच्या कॉलेजात मीटिंगवर मीटिंग चालू आहे, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात दोन्ही करून झालं, आधी पुरस्कार, मग निधी. शहरातल्या कॉलेजचं गणित वेगळं असू शकते.

पुरस्कार वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शाल-श्रीफळ घ्यायला माणूस स्टेजवर जातो, घरचे समोर बसलेले असतात, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येते, गावात चार लोकं थांबवून विचारतात, याची किंमत पैशात होत नाही. ऑफिसात वर्षानुवर्षं फॉर्म तपासणाऱ्या माणसाला नावानं कोणी हाक मारली तर त्याला बरं वाटतेच. निधीत हे काहीच नाही. कोणाला किती मदत मिळाली हे बोलायचंही नसते, आणि ते बरोबरच आहे.

पण माझं मन जिथं फिरलं ते म्हणजे प्रस्ताव. पुरस्कार पाहिजे तर ज्याचा त्यानं स्वतःचा प्रस्ताव द्यायचा, सोबत प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो, शोधनिबंधांची यादी. ज्यांना हे जमते त्यांच्या जाडजूड फाइली येतात, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या कव्हरात, आणि निवड समिती शेवटी त्या फाइलीच पाहते. आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधले अटेंडंट काका, कोणत्या ब्युरेटचा (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीचा) कॉक गळतो हे त्यांना हात लावल्याबरोबर कळते, प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी ते व्हॅसलीनची डबी घेऊन एकेक कॉक नीट करत बसतात, म्हणून सकाळी पोरांचं टायट्रेशन वेळेवर सुरू होते. त्यांना म्हटलं तुम्ही प्रस्ताव द्या, तर म्हणाले, "सर, मी त्यात काय लावू?" खरंच लावायला काही नव्हतं, कारण या कामाचं प्रमाणपत्र कोणी देतच नाही. ज्याचं काम सगळ्यात जास्त आणि दिसत नाही, तोच या पद्धतीत बाहेर राहतो. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, पोरापोरींचं तर विचारूच नका, किमान सलग सेवेच्या अटीतच ते कटतात.

निधीत असं झालं नाही, निदान आमच्याकडे तरी. दोनच कामं ठेवली, अडचणीत बिनव्याजी उचल आणि शिकायला जायचा खर्च. 2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं म्हणून नागपूरच्या चकरा कमी झाल्या, तरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंच्याकडच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर पडते, आणि एखादी कार्यशाळा नागपूर-पुण्याला असली की फी, गाडीभाडं, मुक्काम सगळं खिशातून. पक्क्या प्राध्यापकाला ड्यूटी लीव्ह मिळते, रिफ्रेशर कोर्सशिवाय त्याची कॅसची (बढतीची) फाइल सरकत नाही म्हणून तो कसंही करून जातो, बरेच कोर्स आता ऑनलाइनही आहेत. तासिकावाला मात्र जायचा दिवस म्हणजे तेवढे तास बुडाले असा हिशोब करून घरीच राहतो. निधीतून आमच्या एका तासिकावाल्या मॅडमची परिषदेची फी भरली, परत आल्यावर त्यांनी स्टाफरूममध्ये आपणहून सगळ्यांना तिथलं सांगितलं, तो तास मला कोणत्याही सोहळ्यापेक्षा मोठा वाटला.

उचलीचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही, तासिकावाल्यांचं मानधन कधी येईल भरवसा नाही, अशात घरचं कोणी नागपूरला दवाखान्यात भरती झालं की माणूस आधी सोनं गहाण ठेवायच्या गोष्टी करतो. तेव्हा हातात पडलेले थोडे पैसेही कामाचे असतात. वसुलीचा त्रास होतो, हेही सांगतो. एखादा हप्ता लांबतो, मागायला जीवावर येते, आणि हिशोब ठेवणारा माणूस खमक्या लागतो.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, म्हणाल तर सात निकषांच्या जुन्या पद्धतीत सहाव्या निकषात 6.3 खाली कल्याणकारी योजना आणि परिषदांसाठी दिलेली आर्थिक मदत दोन्ही विचारायचे, म्हणजे निधीच्या पावत्या तिथं सरळ लागायच्या. पुरस्काराचे फोटोही लावता यायचे, पण माझ्या मते पावतीचं वजन जास्त.

पैसे भरपूर असले तर दोन्ही करा, फक्त पुरस्कारातून प्रस्ताव काढून टाका, नावं विभागांनी आणि विद्यार्थ्यांनी सुचवू द्या. एकच जमत असेल तर मी निधीकडे झुकीन. आणि नियम लिहितानाच तासिका तत्त्वावरचे आणि रोजंदारीवरचे लोकं स्पष्ट शब्दांत टाकून घ्या, नाहीतर पहिलाच अर्ज त्यांचा येईल आणि ऑफिस म्हणेल, यात बसत नाही.