पारपटलातील वंशागत साठे: लेसर की प्रत्यारोपण?

पारपटलात, म्हणजेच डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक कॉर्नियात, द्रव्ये साठवणाऱ्या वंशागत विकाराने नजर अंधूक झालेल्या मुंबईतील रुग्णापुढे सहसा दोन पर्याय असतात: एक्सायमर लेसरने वरचा थर काढणारी पीटीके किंवा दात्याचे पारपटल बसवणे. खर्चाची चौकशी करण्याआधी साठा कशाचा आहे आणि तो किती खोल आहे, हे डॉक्टरांना विचारावे.

ग्रॅन्युलर प्रकारात पावाच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, तर लॅटिस प्रकारात अमायलॉइड या न विरघळणाऱ्या प्रथिनाच्या बारीक रेषांची जाळी पसरते. दोन्हींचे मूळ पाचव्या गुणसूत्रावरील टीजीएफबीआय या एकाच जनुकात आहे, हे १९९७ मध्ये उघड झाले. या जनुकाच्या दोषातून तयार होणारे सदोष प्रथिन मुख्यतः पारपटलाच्या पृष्ठभागावरील पेशी बनवतात आणि प्रत्यारोपणानंतर तेथे पुन्हा रुग्णाच्याच पेशी पसरत असल्यामुळे, दात्याच्या पारपटलातही काही वर्षांनी साठा जमू शकतो. ‘नवे बुबुळ बसवले की आजार संपला’ हा समज त्यामुळेच फसवा आहे.

म्हणून साठा वरवरचा असेल तर आधी पीटीकेच करावी, असे माझे मत आहे. तिच्यात टाके नसतात, वरची जखम सहसा आठवडाभरात भरते आणि पुढे प्रत्यारोपणाची वाट मोकळी राहते. मात्र पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असल्यामुळे लेसर फार खोल नेता येत नाही, शिवाय चष्म्याचा नंबर प्लसकडे सरकू शकतो.

साठा खोल असल्यास प्रत्यारोपणाला पर्याय उरत नाही. पारपटलाचे फक्त पुढचे थर बदलणाऱ्या डाल्क पद्धतीत सर्वांत आतला पेशीथर रुग्णाचाच राहतो आणि तो शरीराने नाकारण्याचा धोका टळतो. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात तो धोका असतोच, शिवाय सांधा कायमचा कच्चा राहतो, आणि रोज लोकलच्या गर्दीत कोपरांचे धक्के खाणाऱ्याने ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी.

मॅक्युलर प्रकार वेगळा आहे. त्यात प्रथिनाऐवजी केराटन सल्फेटशी संबंधित द्रव्य साचते, आतला पेशीथरही बाधित होऊ शकतो आणि तसे असल्यास डाल्क पुरेशी ठरत नाही. तो आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो. मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

याउलट टीजीएफबीआयच्या विकारात आई-वडिलांपैकी एकाला आजार असला, तरी प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता साधारण निम्मी असते. अशा घरातील तरुणांनी चष्मा घालवण्यासाठी लॅसिक करण्याआधी जनुकीय तपासणी करून घ्यावी, कारण ग्रॅन्युलरच्या ‘टाइप २’ या उपप्रकारात लॅसिकनंतर साठे झपाट्याने वाढतात.