घोड्यांच्या ‘पक्क्या’ टिपा विकणाऱ्यांपासून सांभाळा

मोबाईलवर घोड्यांच्या टिपा, म्हणजे रेसमध्ये कुठला घोडा जिंकेल ते, विकणाऱ्या एकाने आमच्या गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच जणांना लुटलं. मीही त्यात होतो. त्याची पद्धत आता आम्हाला उमगली आहे, आणि दर पगाराच्या आठवड्यात नवीन माणसं त्याच्या जाळ्यात जाताना दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

गोव्यात रेसकोर्स नाही. पण मुंबई-पुण्याच्या रेसचा नाद इथे जुना आहे, कारण प्रत्येक वाड्यावरचा कोणी ना कोणी मुंबईला नोकरीला होता. माझे काका गिरगावात राहायचे, हिवाळ्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आणि पावसाळ्यात पुण्याच्या रेसला जायचे. रेसबुक, म्हणजे त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांच्या माहितीचं पुस्तक, कसं वाचायचं ते मला त्यांनी शिकवलं. आता 2020 पासून मांडवीतल्या कॅसिनोंत गोमंतकीयांना बंदी आहे, मटक्यावर अधूनमधून धाडी पडतात. फोनवरच्या टिपवाल्याला मात्र ना दार ना पहारा.

सुरुवात फुकट टिपांनी झाली. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, पुण्याच्या रेसचा, एकच घोडा. तो जिंकला. पुढच्या रेसदिवशी दुसरा, तोही जिंकला. मग फोन आला. माणूस गोड बोलणारा, ‘दादा, दादा’ करणारा. आपण तबेल्यात वर्षानुवर्षं काम केलं, सकाळच्या ट्रॅकवर्कला (सरावाला) घोडा कसा पळतो ते आपल्याला दिसतं, असं सांगायचा. महिन्याला पाच हजार भरा आणि खाजगी टेलिग्राम चॅनेलवर या. दोन घोडे डोळ्यांदेखत जिंकलेले असताना कोण नाही म्हणेल?

खरा प्रकार उघडकीला आला तो चहाच्या गाड्यावर. पेडण्याचा एक सहकारी मला म्हणाला, ‘‘आज चार नंबर ना?’’ मी म्हटलं, ‘‘चार कुठला, मला सात आलाय.’’ दोघांनी फोन शेजारी शेजारी धरले. रेस तीच, वेळ तीच, मजकूर शब्दाला शब्द तोच, खाली तेच तीन लाल ठिपके आणि ‘फुल विश्वास ठेवा’. फक्त घोड्याचा नंबर वेगळा. तिसऱ्याने फोन काढला, त्याला दोन नंबर आला होता.

हिशोब सोपा आहे. समजा त्याच्याकडे चारशे नंबर आहेत. रेसमधले जिंकण्याजोगे चार घोडे घ्यायचे आणि शंभर-शंभर माणसांना एकेक पाठवायचा. त्यातला एक आला की शंभर जण खूश, बाकीच्या तीनशेंना पुन्हा मेसेज जात नाही. त्या शंभरांचे पुढच्या रेसला पुन्हा चार गट. लागोपाठ दोन टिपा खऱ्या ठरलेले पंचवीस जण उरतात आणि पाच हजार त्यांच्याकडेच मागितले जातात. यात घोड्यातलं ज्ञान काडीचंही लागत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज पुसला तर पुसल्याची खूण राहते, टेलिग्रामवर तीही राहत नाही. चॅनेल तिकडे का नेलं ते तेव्हा कळलं. हरलेल्या टिपा संध्याकाळपर्यंत गायब व्हायच्या, वर सरकवून पाहिलं तर नुसती जिंकलेल्यांची रांग.

काही टिपवाले एवढेही कष्ट घेत नाहीत, सरळ फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेले असतात तो घोडा सांगतात. फेव्हरिट साधारण तीन रेसमधली एक जिंकतोच, त्यामुळे टिप अधूनमधून लागते आणि माणूस टिकून राहतो. पण भाव शंभराला दीडशे धरा. तीन रेसमध्ये शंभर-शंभर लावले, एक घोडा आला, मुद्दल धरून अडीचशे हातात. पन्नास गेले, टिपेचे पैसे वेगळेच.

काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या बहुतेक रेस हँडिकॅप असतात. क्लबचा अधिकारी प्रत्येक घोड्याचं रेटिंग ठरवतो आणि चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतो, हेतू हाच की सगळ्यांना जिंकण्याची संधी सारखी मिळावी. त्यात ट्रॅक ओला की सुका, घोडा कुठल्या गेटमधून सुटणार, आयत्या वेळी जॉकी बदलला का, हे सगळं आहेच. अशा रेसमध्ये जो ‘शंभर टक्के’ म्हणतो तो खोटंच बोलतो.

पाच हजारांवर प्रकरण थांबलं नाही. ‘जॉकीशी सेटिंग झालीय’ म्हणत आमच्यातल्या काहींकडून पंचवीस-पंचवीस हजार काढले आणि पैज त्यानेच पाठवलेल्या ॲपवर लावायला लावली. ॲपमध्ये जिंकलेली रक्कम लाखाच्या वर दिसू लागली. ती काढायला गेलं की ‘आधी 30 टक्के टॅक्स भरा’. इथे नीट लक्ष द्या. रेसमधल्या मोठ्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस खरंच आहे, पण तो देणारा कापून घेतो आणि उरलेले आपल्याला देतो. आधी खिशातून भरा असं कुणी सांगितलं की ॲपमधला तो आकडा खोटा समजा. सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं नावही तो सतत घ्यायचा. 1996 मध्ये कोर्टाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, हे खरं आहे. पण त्या निकालाने टिप विकणाऱ्याला सर्टिफिकेट मिळत नाही.

मग टिप कुणाची ऐकावी? वर्तमानपत्रात रेसच्या सकाळी नावानिशी छापणाऱ्यांचं मी आजही वाचतो. त्यांचेही घोडे हरतात, पण छापलेलं पुसता येत नाही, आणि पहिला-दुसरा-तिसरा असा क्रम देऊन ते गप्प बसतात, कुणाला फोन करत नाहीत. कुणाची परीक्षाच घ्यायची तर त्याच्या टिपा रेसच्या आधी वहीत उतरवा, हरलेल्यांसकट, आणि सगळा सीझन एक रुपयाही न लावता बघा.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर बँकेच्या मेसेजमध्ये येतो तो), समोरचं खातं, चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, आणि चॅनेल सोडण्याआधी ते काढा. घरच्यांना कळेल या भीतीने थांबू नका. पेडण्याच्या त्या सहकाऱ्याने त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली, त्याची थोडी रक्कम बँकेत अडकवून ठेवता आली. दुसऱ्या एकाने बायकोपासून लपवत आठवडा काढला, तोवर त्याचे पैसे तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते.