ट्रान्सपोर्ट ऑफिस की फॉरवर्डिंग: लॉजिस्टिक्समध्ये नोकरी धरायची तर कुठली?

पनवेल, उरण, कळंबोली, भिवंडी ह्या पट्ट्यातल्या पोरापोरींना ग्रॅज्युएशन झालं की पहिली नोकरी बरेचदा लॉजिस्टिक्स कंपनीत लागते, आणि घरच्यांनी विचारलं नक्की काम काय तर कोणालाच धड सांगता येत नाही. कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात. एक म्हणजे रोड ट्रान्सपोर्ट, तिथे ट्रक, ट्रेलर, बिल्टी (गाडीत भरलेल्या मालाची पावती), ड्रायव्हर, गाड्या मिळवून देणारे ब्रोकर. दुसरं फ्रेट फॉरवर्डिंग आणि कस्टम क्लिअरिंग, म्हणजे माल परदेशी पाठवायची-आणायची व्यवस्था आणि तो कस्टममधून सोडवणं, तिथे कंटेनर, शिपिंग लाइन, न्हावाशेवा बंदर, कस्टम हाउस. मी दोन्हीकडे काम केलंय म्हणून लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: डिग्री असेल आणि नोकरीच करत राहायची असेल तर फॉरवर्डिंग किंवा सीएचए (कस्टम हाउस एजंट, म्हणजेच कस्टम ब्रोकर) फर्म धरा, आणि पुढे स्वतःचा धंदा टाकायचं डोक्यात असेल तर ट्रान्सपोर्ट.

ट्रान्सपोर्ट ऑफिसचा दिवस गाड्यांच्या लोकेशनने सुरू होतो. रात्रीत कुठली गाडी कुठे पोचली, कुठली खाली झाली, कुठली पार्टीच्या (म्हणजे माल पाठवणाऱ्या किंवा घेणाऱ्या कंपनीच्या) गेटवर अडकलीय, हे ड्रायव्हरला फोन लावून विचारायचं. जीपीएस असला तरी फोन करावाच लागतो, कारण गाडी उभी आहे एवढंच स्क्रीनवर दिसतं, का उभी आहे ते ड्रायव्हरच सांगणार. मग पार्टीचे फोन सुरू, उद्या इंदोरला बत्तीस फुटी गाडी पाहिजे, हैदराबादला दोन ट्रेलर पाहिजेत, की लगेच ब्रोकरशी भाव करा, अ‍ॅडव्हान्स टाका, एलआर (म्हणजे बिल्टीच) बनवा, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोण देणार ते आधीच बोलून घ्या नाहीतर गेटवर भांडण ठरलेलं.

ह्यातलं खरं टेन्शन कुठे असतं ते एका उदाहरणाने सांगते. भिवंडीतून इंदोरला माल निघाला. अंतर साडेपाचशेच्या पुढे, ई-वे बिलाला (रस्त्याने माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे हातात तीन दिवस. गाडी नीट चालली तर भरपूर आहेत. पण गाडी लोडिंगलाच एक दिवस अडकली, मग धुळ्याच्या पुढे बंद पडली आणि मेकॅनिक म्हणाला पार्ट उद्या येईल, तर माल दुसऱ्या गाडीत पलटी करायचा, ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये नवीन गाडीचा नंबर टाकायचा आणि मुदत वाढवायची. ही मुदत मध्यरात्री संपते आणि ती संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच वाढवता येते, म्हणजे दुपारी चार ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. तुम्ही घरी जेवायला बसलेला असता तेव्हाच हे सगळं होतं. राहून गेलं आणि पुढे जीएसटीच्या पथकाने गाडी धरली तर माल अडकतो आणि कराच्या दुप्पट दंडाची नोटीस येऊ शकते, आणि मग पार्टी, मालक, ड्रायव्हर तिघांचेही फोन तुम्हालाच.

ड्रायव्हर लोकांबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण ह्या नोकरीत तुमचं चांगलं-वाईट त्यांच्यावरच अवलंबून असतं. ऑफिसात बसून त्यांच्यावर ओरडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आणि त्यांच्या गाड्या कधीच वेळेत लागल्या नाहीत. कारखान्याच्या गेटवर दीड-दीड दिवस गाडी उभी ठेवतात, ना संडास, ना सावली, आणि हॉल्टिंगचे पैसे मागितले की पार्टी म्हणते गाडी लेट आली होती. तेव्हा ड्रायव्हरकडून गेट एन्ट्रीचा फोटो वेळेसकट मागवून ठेवणारा आणि त्याचे पैसे भांडून मिळवून देणारा माणूस असेल त्याला ड्रायव्हर पुढच्या वेळी नाही म्हणत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या कलमावरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा सगळ्यांना दोन दिवसांत कळलं की देश कोणाच्या जिवावर चालतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, फार उशिरा झाली पण झाली ते बरं झालं.

आता फॉरवर्डिंग. इथे सगळं कट-ऑफवर चालतं. अमुक जहाज, अमुक टर्मिनल, गेट अमुक वाजता बंद, त्याच्या आत शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) फाइल, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन), फॉर्म १३ (बंदराच्या गेटवर लागणारा कागद), कंटेनर आत, कस्टमचा एलईओ (माल पाठवायची मंजुरी). एक कागद राहिला की कंटेनर पुढच्या जहाजावर. काम मुख्यतः बसून, स्क्रीनवर, पण नजर फार लागते. ड्राफ्ट बीएल (बिल ऑफ लेडिंग, शिपिंग लाइन देते ती मालाची पावती) तपासायचं म्हणजे काय, तर कंटेनर नंबरची चार अक्षरं आणि सात आकडे एकेक करून सीलच्या फोटोशी जुळवायचे, वजन, पेट्यांचा आकडा, कन्साइनीचं (माल घेणाऱ्याचं) नाव आणि पत्ता एलसीमध्ये (पैशांची बँकेने दिलेली हमी) आहे तस्साच्या तस्सा. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तिकडची बँक पैसे अडवू शकते, आणि एक्स्पोर्टरचे लाखो रुपये तुमच्या एका अक्षरापायी लटकतात.

इम्पोर्टचा डेस्क मिळाला तर घड्याळ आणखी कडक. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत फाइल व्हायला पाहिजे, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० रुपये चार्ज. शिवाय शिपिंग लाइनचे फ्री डेज (कंटेनर फुकट ठेवायचे दिवस) संपले की डिटेन्शन, म्हणजे कंटेनर ठेवून घेतल्याचा चार्ज, वेगळं.

सीझनमध्ये मात्र इथेही झोप नाही. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल रीफरमधून (थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून) युरोपला जातात, शून्याच्या आसपास तापमान लागतं, पॅकहाउसमधून निघाल्यापासून जहाजावर प्लग लागेपर्यंत जीव टांगणीला. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, लाइनवाल्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, आठवडा-दोन आठवडे जास्तीचे आणि भाडं चढलेलं, आणि नेमका द्राक्षाचा सीझन तोंडावर. शेतकऱ्याला फोनवर हे समजावून सांगायचं काम पण फॉरवर्डरच्या डेस्कवरच्याच पोरांचं असतं, ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पगाराचं म्हणाल तर सुरुवातीला दोन्हीकडे बेताचाच, उगाच आशा लावून घेऊ नका. फरक पुढे पडतो. सीएचए फर्ममध्ये आधी एच कार्डावर (परीक्षा न दिलेल्या स्टाफचं कस्टमचं ओळखपत्र) काम करता, मग कस्टमची परीक्षा पास झालात की जी कार्ड, आणि जी कार्डवाल्याला कस्टम ब्रोकरच्या वतीने कस्टमच्या कागदांवर सही करता येते, एच कार्डवाल्याला नाही, त्यामुळे त्याला किंमत असते. ती पास केलेली परीक्षा तुमची, फर्म बदलली तरी जात नाही. त्याच्याही पुढे कस्टम ब्रोकरची परीक्षा आहे, लेखी आणि मग तोंडी, अवघड आहे पण आपल्या भागातली मुलं पास होतात. ट्रान्सपोर्टमध्ये असं कागदावर काही मिळत नाही. तिथे तुमची कमाई म्हणजे ओळखी: कुठल्या रूटला कोणाच्या गाड्या असतात, रिटर्न लोड कुठून मिळतो, कुठली पार्टी पैसे बुडवते. ह्या ओळखींवर लोक आधी ब्रोकरी आणि मग स्वतःची गाडी घेतात, पण गाडीचा हप्ता आणि पार्टीची दोन-दोन महिन्यांची उधारी दोन्ही अंगावर घ्यायची तयारी लागते.

मुलींसाठी वेगळं सांगते. डॉक्युमेंटेशनच्या डेस्कवर मुली भरपूर आहेत आणि कोणी वेगळं वागवत नाही. ट्रान्सपोर्ट ऑफिसात अजून कमी आहेत, ट्रक टर्मिनलच्या आसपासच्या जुन्या ऑफिसात धड टॉयलेट नसतं ही साधी पण मोठी अडचण आहे, इंटरव्ह्यूला गेलात की आधी ते बघून घ्या, लाजू नका. कामात मात्र मला त्रास झाला नाही, ड्रायव्हर लोक ताई म्हणूनच बोलायचे आणि शब्द पाळणाऱ्या माणसाला मानायचे.

वेअरहाउस सुपरवायझरची ऑफर असेल तर ती ह्या दोन्हीनंतर ठेवा. शिफ्ट ठरलेली असते हे खरं, पण मोठ्या गोडाऊनमध्ये सिस्टिम सांगेल तेवढंच करायचं असतं आणि बाहेरच्या धंद्याशी संबंध येत नाही.

आणि कंपनी मोठी की छोटी, तर पहिली दोन वर्षं छोटी बघा. मोठ्या फर्ममध्ये तुम्हाला एकच काम देतात, वर्षभर फक्त बीएल नाहीतर फक्त बिलिंग. छोट्या सीएचएकडे सकाळी चेकलिस्ट (फाइल करायच्या कागदाचा मसुदा), दुपारी सीएफएसला (बंदराबाहेरचं कंटेनर यार्ड) कस्टमचं एक्झामिनेशन, संध्याकाळी पार्टीशी बोलणं, सगळं अंगावर येतं. थकायला होतं पण शिकायला मिळतं. वाढवणला नवीन बंदर उभं राहतंय, भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं, त्यामुळे कस्टमचं काम येणाऱ्या पोरांची गरज पालघर-डहाणूकडेही वाढेल असं मला वाटतं. तिथल्या मच्छीमारांचा ह्या बंदराला विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, पण नोकरीच्या हिशोबाने हे सांगणं भाग आहे.

इंटरव्ह्यूला गेलात की पगाराआधी तीन गोष्टी विचारा. सुट्टीच्या दिवशी ऑपरेशनचा फोन कोणाकडे असतो, रोज एकाकडेच की पाळीने. डिटेन्शन किंवा दंड लागला तर तो स्टाफच्या पगारातून कापतात का, काही ठिकाणी कापतात, तिथे जाऊच नका. आणि सीएचए फर्म असेल तर जी कार्डच्या परीक्षेला स्टाफला बसवतात का, मागच्या दोन-तीन वर्षांत कोणाला बसवलं का. हो म्हणाले तर त्या माणसाला तिथेच भेटायला मागा.