कागद सगळे खरे, गाडी मात्र पुरातली

नागपुरात जुनी गाडी शोधायला निघालात की पहिला सल्ला ठरलेला असतो: मुंबई-ठाण्याकडचं पासिंग घेऊ नका. तिकडची खारी हवा, दर पावसाळ्यात तुंबणारं पाणी, खालून लागलेला गंज. नागपूरचीच, एमएच ३१, ४० किंवा ४९ असली की माणूस निर्धास्त होतो. आमच्या कंपनीला ज्याने एसयूव्ही विकली, त्याने नेमका हा निर्धास्तपणा हेरला होता. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही त्यांच्या डोक्यातून कधीच गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आठवण करून देतो. त्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांपासून थेट सीताबर्डीपर्यंत पाणी घुसलं. तळमजले बुडाले, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्या गाड्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. विम्याचा हिशोब असा असतो की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी सॅल्व्हेज म्हणून, म्हणजे नुकसान झालेला माल म्हणून स्वस्तात, विकली जाते. आरसी रद्द झाली नसेल, तर घेणारा ती धुऊन, वाळवून, जमतील तेवढे पार्ट बदलून परत रस्त्यावर आणू शकतो. 'बुडालेली आहे' असं सांगून तशा किमतीत विकली तर माझी काही तक्रार नाही. आम्हाला ती चांगल्या गाडीच्या भावात दिली.

आमचं काम बुटीबोरी एमआयडीसीत, इलेक्ट्रिकल पॅनेलचं. हिशोब आणि खरेदी माझ्याकडे. साइट कोराडी, उमरेड, चंद्रपूर अशा, त्यामुळे दणकट गाडी हवी. ड्रायव्हरकाकांचं म्हणणं बोलेरो घ्या, कुठेही दुरुस्त होते. साहेबांना मात्र विमानतळावरून पाहुणे आणायलाही शोभेल अशी हवी होती. (कंपनीची गाडी निवडताना हा वाद प्रत्येक ऑफिसात होतो आणि त्यात ड्रायव्हर कधीच जिंकत नाही.) शेवटी सात सीटर डिझेल एसयूव्ही ठरली, २०२० च्या शेवटी नोंदलेली, बीएस ६. मॉडेलचं नाव घेत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हता.

यार्ड रिंग रोडवरचं, बोर्डबिर्ड व्यवस्थित. विकणारा गोड. "डॉक्टरसाहेबांची गाडी आहे भाऊ, घर ते दवाखाना एवढीच चालली." भाव बाजारापेक्षा थोडाच खाली, संशय येईल इतका नाही. मार्चचा शेवट होता. त्याने पहिल्याच भेटीत गाडी कुणाच्या नावावर घेणार ते विचारलं आणि कंपनी म्हटल्यावर त्याची सगळी भाषाच बदलली. "३१ तारखेच्या आत बिल फाडतो, घसारा याच वर्षी लागेल. जीएसटी बिल देतो, इनपुट घ्या. टेन्शन काहून घेता?"

यातलं घसाऱ्याचं, म्हणजे गाडीची झीज खर्चात धरून कर वाचवण्याचं, अर्धसत्य होतं. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या गाडीवर घसारा निम्म्या दराने मिळतो, म्हणजे १५ च्या जागी साडेसात टक्के. तेवढ्यासाठी आठवड्याभरात लाखोंचा व्यवहार उरकायची गरज नसते. इनपुटचं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करण्याचं, तर सरळ खोटं होतं. ड्रायव्हर धरून १३ पर्यंत आसनांच्या गाडीवरचा कर, काही ठरावीक धंदे सोडले तर, इनपुट म्हणून मिळत नाही. प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांचाच व्यापार असला तर गोष्ट वेगळी. आमच्या सीएंनी एका वाक्यात ते निकालात काढलं. पण इनपुटवर वाद घालण्यात आणि ३१ तारीख गाठण्यात ऑफिसचं सगळं लक्ष गुंतून जातं. कंपनीला गाडी विकण्याचं त्याचं तंत्र असं होतं: बोलणं कागदांवर ठेवायचं, म्हणजे गालिचा कुणी उचलत नाही.

आणि कागद खरोखरच चोख होते. आरसी ओरिजिनल. सरकारच्या वाहन पोर्टलवर कर भरलेला, बोजा नाही, चलान नाही, ब्लॅकलिस्ट नाही. चेसिस नंबर जुळला. पोर्टलवर विम्याची मुदत दिसते, पण त्या गाडीवर कधी कुठला क्लेम झाला ते तिथे दिसत नाही. सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं तर अधिकृत वर्कशॉपचा छापील कागद मिळाला, ऑगस्ट २०२३ पर्यंतचा. "त्याच्यापुढे वॉरंटी संपत आली होती ना साहेब, डॉक्टरांनी घरच्या मिस्त्रीकडे लावली." जुनी विमा पॉलिसी मागितली तर ती हरवलेली. वर, "नवीन विमा मीच काढून देतो, तुम्हाला एक रुपया नाही." हा फुकटचा विमा फार महागात पडला. जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीची, टक्केवारी छापलेली असते. क्लेम नसला की ती दर नूतनीकरणाला २०, २५, ३५, ४५ आणि ५० अशी चढत जाते. एकाच मालकाकडच्या तीन वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला की समजायचं, आदल्या वर्षी काहीतरी झालंय. आणि टोटल लॉस झाला असेल तर पॉलिसी तिथेच तुटते, पुढच्या पॉलिसीशी साखळी जुळत नाही. नवा विमा हातात ठेवला की ही साखळी बघायला कुणी मागे जात नाही.

एप्रिल-मे सुरळीत गेले. नागपूरच्या उन्हात ओल कुठे टिकते? जूनच्या पहिल्या पावसानंतर गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. एअरबॅगचा दिवा लागायचा आणि आपोआप विझायचा. मागची काच अर्ध्यात अडकायची. एसी लावला की पहिली दोन मिनिटं विहिरीत वाकल्यासारखा वास. मग उमरेडच्या वाटेवर गाडी बंद पडली आणि टो करून हिंगण्याच्या एका मिस्त्रीकडे आणावी लागली.

त्या मिस्त्रीने बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटबेल्टचं टोक धरलं आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटापर्यंत. एरवी गुंडाळीतून कधी बाहेर न येणारा तो पट्टा. शेवटची वीतभर लांबी काळी नव्हती, मातकट होती आणि तिच्यावर आडवी सरळ रेघ होती, पाण्याची पातळी थांबल्याची. मग त्याने सीटखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलला. वरून शाम्पूचा वास आणि खालच्या फोममध्ये राखाडी गाळ, बोटाने चिमटला तर पिठासारखा सुटणारा. सीटचे बोल्ट गंजलेले, पण त्यांच्या डोक्यावर ताजा काळा रंग. डॅशबोर्डखाली वायरिंगचे कनेक्टर उघडले तर पितळी पिनांवर हिरवा कळंक चढलेला. जॅक आणि पाना मात्र कोरे करकरीत. "पाच वर्षांच्या गाडीत नवा पाना कोणी ठेवते का भाऊ? जुना सडला असंन. ही बुडाली होती."

रेडिएटर, इंजिन, टायर, बॅटरी, सगळे जण बघतात तिथे सगळं झकपक होतं. आम्हीही मिस्त्री नेऊन ट्रायल घेतली होती, स्कॅनर लावला होता. विकण्याआधी फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडांच्या नोंदी, पुसून टाकले की स्कॅनर त्या दिवशी काही बोलत नाही. कनेक्टरमधला गंज हळूहळू चढतो. उन्हाळ्यात विकली की पावसाळ्यापर्यंत विकणाऱ्याला मोकळं मैदान.

गाडी कंपनीच्या नावावर झालेली असल्यामुळे अधिकृत वर्कशॉपने आम्हाला पूर्ण रेकॉर्ड काढून दिलं. विकणाऱ्याने दिलेल्या कागदावर जी शेवटची ओळ होती, तिच्याखाली आणखी एक नोंद निघाली. सप्टेंबर २०२३ चा अखेर, गाडी टो करून आणली, पाण्यात बुडालेली, विमा सर्व्हेसाठी एस्टिमेट दिलं, काम केलं नाही. छापील कागदातून तेवढीच एक ओळ उडवली होती. त्यानंतर जुनी आरसी पुन्हा वाचली. पहिल्या मालकाचा पत्ता अंबाझरीच्या खालच्या बाजूचा, आणि गाडी दुसऱ्या नावावर गेल्याची तारीख २०२४ च्या सुरुवातीची. नागपूरची त्या वर्षांतली गाडी बघत असाल तर आरसीवरचा पत्ता आणि ट्रान्सफरची तारीख एकमेकांशेजारी ठेवून वाचा.

विकणाऱ्याकडे गेलो तेव्हा त्याने डिलिव्हरी नोट पुढे केली: 'वाहन पाहून, चालवून, पूर्ण समाधान झाल्यावर ताब्यात घेतले.' प्रत्येक यार्डाच्या नोटवर हे वाक्य असतं. मग आवाज खाली आणून निम्म्यापेक्षा थोड्या जास्त किमतीत गाडी परत घ्यायची तयारी दाखवली, म्हणजे तीच गाडी पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात. साहेबांनी नकार दिला.

गाडी कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. वैयक्तिक खरेदीत ग्राहक आयोगाचं दार बऱ्यापैकी उघडं असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यावसायिक हेतूने घेतलेली वस्तू बाहेर ठेवतो आणि साइटवर पळणारी कंपनीची गाडी म्हटली की समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो. आमच्या वकिलांनी त्यामुळे दिवाणी नोटीस दिली आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रारही. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आलंय. 'पाहून घेतली'ला उत्तर असं की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही करार कायद्याने फसवणूकच आहे, आणि ती उडवलेली ओळ हा आमचा सगळ्यात मोठा पुरावा. प्रकरण चालू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते या यार्डाकडे आहे का, हेही वकिलांनी नोटिशीत विचारलंय.

दरम्यान दुसरी गाडी लागणारच होती. या वेळी टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्यासमोर एक वाक्य ठेवायचं ठरलं: 'हे वाहन पुरात वा पाण्यात बुडालेले नाही, यावर टोटल लॉसचा क्लेम झालेला नाही, तसे आढळल्यास पूर्ण रक्कम परत करीन.' सोबत जुन्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती, आणि सर्व्हिस रेकॉर्ड मालकाला सोबत नेऊन वर्कशॉपच्या काउंटरवर आमच्यासमोर काढलेलं. एका यार्डाने "असं कोणी लिहून देत नाही भाऊ" म्हणून चहा प्यायला सांगितलं, तिथून उठलो. वर्धा रोडवरच्या एका गृहस्थांनी वाक्य वाचलं, खिशातला पेन काढला आणि विचारलं, "आधार नंबरही टाकू का खाली?" गाडी बोलेरो आहे. ड्रायव्हरकाका खूश आहेत.