अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीची टूर: मेमोरियल हॉल अजिबात चुकवू नका

भारतातून कुणी आलं की आपण त्यांना डीसीतलं व्हाइट हाउस आणि म्युझियम्स दाखवतो, ते ठीकच आहे, पण त्यातला एक दिवस काढून अ‍ॅनापोलिसला न्याच, तिथे अमेरिकी नौदलाचे अधिकारी घडवणारी नेव्हल अकॅडमी आहे, गाडीने तासभर लागतो. मी पुण्याहून आलेल्या आईबाबांना नेलं होतं आणि बाबांचं सारखं खडकवासल्याच्या एनडीएशी ताडून बघणं चालू होतं. तिथे तिन्ही दलांची मुलं एकत्र, इथे फक्त नेव्ही आणि मरीन.

टूरचं तिकीट आहे, गाइड चालत चालत सगळं दाखवतो. चॅपलच्या खाली अमेरिकी नौदलाचा सुरुवातीच्या काळातला हीरो जॉन पॉल जोन्स याची समाधी आहे, माणूस 1792 ला पॅरिसमध्ये वारला आणि त्याचा देह 1905 मध्ये शोधून काढून इथे आणला. छान आहे, फोटो काढा आणि पुढे चला.

खरं बघायचं ते बॅनक्रॉफ्ट हॉल. हे होस्टेल आहे, चार हजारांवर मुलंमुली एकाच इमारतीत राहतात, आणि त्याच इमारतीत मेमोरियल हॉल, म्हणजे इथे शिकून लढाईत गेलेल्यांची नावं. समोर अमेरिकी नौदलाच्या कमांडर पेरीचा, ब्रिटिशांविरुद्धच्या 1813 च्या लढाईतला ‘जहाज सोडू नका’ असं लिहिलेला झेंडा (हॉलमधला प्रतिकृती आहे). आई नावं वाचत खूप वेळ उभी राहिली, मला पण तिथून हलवेना, कारण बाहेर अंगणात पोरं परीक्षेत पास होऊ दे म्हणून टेकमसे या मूळ अमेरिकन योद्ध्याच्या पुतळ्याकडे नाणी फेकतात आणि आत ही नावं, वय जवळपास तेच.

जायच्या आधी 1941 चं वाचून जा, मग हा हॉल वेगळाच दिसतो. 29 नोव्हेंबर 1941 ला आर्मी-नेव्ही फुटबॉल मॅच झाली (अमेरिकन फुटबॉल, आर्मी आणि नेव्हीच्या अकॅडमींमधली), तिच्या छापील प्रोग्रॅममध्ये अ‍ॅरिझोना युद्धनौकेचा फोटो होता आणि खाली लिहिलेलं की बॉम्बने अजून एकही बॅटलशिप बुडालेली नाही. आठ दिवसांनी पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला, अ‍ॅरिझोना बुडाली, तिच्यावरचे 1177 जण गेले. 19 डिसेंबरलाच शेवटच्या वर्षाच्या बॅचला पदवी देऊन मोकळं केलं, कोर्स नंतर तीन वर्षांवर आणला, म्हणून तर पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर 1947 च्या बॅचचे असून 1946 ला पास झाले.

आणि 1942 ची मॅच! प्रवासावर बंधनं म्हणून ती अ‍ॅनापोलिसलाच घेतली, वेस्ट पॉइंटची (आर्मीच्या अकॅडमीची) मुलं येऊ शकली नाहीत तर नेव्हीच्याच काही मुलांना आर्मीसाठी ओरडायची ऑर्डर दिली. स्वतःच्या टीमविरुद्ध! नेव्ही 14-0 ने जिंकली. पेपरात लढायांच्या बातम्या येत असताना ही पोरं तिथे घसा फोडून ओरडत होती आणि थोड्याच दिवसांत त्यातली कितीतरी जहाजांवर गेली, मला हे फार लागतं.

गाडी आत नेता येत नाही, गेटवर आयडी तपासतात, भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवा. हवा चांगली असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जा, जेवणाआधीची परेड बघायला मिळते. म्युझियम फुकट आहे, पेरीचा मूळ झेंडा तिथेच जपलाय, तेवढा वेळ हातात ठेवा. माझ्याकडून पाचपैकी पाच.